एसएसएचएफएस, एनएफएस, सांबा की थेट आरसिंक? कॉपी अडली की कोण काय सांगतं

दूरच्या मशीनवरचा फोल्डर लिनक्सवर माउंट केला, म्हणजे आपल्या मशीनवरच्या एका फोल्डरच्या जागी जोडला, की तो घरचाच वाटायला लागतो. मग चाळीस जीबीची कॉपी अर्ध्यावर ‘इनपुट/आउटपुट एरर’ म्हणून थांबते आणि मधे नेटवर्क आहे याची आठवण होते. असं जोडायला एसएसएचएफएस, एनएफएस आणि सांबा हे मार्ग आहेत, आरसिंक मात्र माउंट न करताही फाइली थेट पाठवतं. वेगाचे तक्ते भरपूर सापडतात. मला निवड करताना जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की बिघडल्यावर कोण खरं बोलतं.

एसएसएचएफएसला सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) चालू असलं की पुरे, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण सगळा डोलारा तुमच्या मशीनवरच्या एका प्रोसेसवर उभा असतो. ती मेली की ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’. ‘फ्यूजरमाउंट’ कमांडने उतरवायचं, पुन्हा माउंट करायचं. ‘रीकनेक्ट’ आणि ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ १५ (दर १५ सेकंदांनी सर्व्हरला ‘आहेस का’ विचारणं) हे दोन पर्याय आधीच दिलेले असले, तर तीनदा उत्तर आलं नाही की साधारण ४५ सेकंदांत तुटलेलं कनेक्शन ओळखलं जातं आणि ते पुन्हा जोडायचा प्रयत्न होतो. अर्धी राहिलेली फाइल मात्र स्वतः तपासा.

एनएफएसचा स्वभाव अगदी उलटा. नेहमीच्या ‘हार्ड’ माउंटमध्ये सर्व्हर गायब झाला तरी एरर येतच नाही. कॉपी नुसती लटकते, कंट्रोल-सी दाबून हलत नाही, किल-नाइननेच (प्रोसेस सक्तीने मारणाऱ्या कमांडनेच) मरते. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, ‘नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग’ दिसतं. वैतागून बरेच जण ‘सॉफ्ट’ करतात, मग ठरावीक प्रयत्नांनंतर एरर येते. पण ती एरर प्रोग्रामने नीट हाताळली नाही तर फाइल गुपचूप खराब होऊ शकते. मॅन पेजमध्येच (एनएफएसच्या मदत-पानातच) तसा इशारा आहे. लिहिण्याच्या कामाला मी हार्डच ठेवतो. लटकलेली कॉपी परवडते, खोटी पूर्ण झालेली नाही. ‘स्टेल फाइल हँडल’ आलं तर सर्व्हरवर ती फाइल किंवा फोल्डर उडालं किंवा बदललं असं समजा आणि पुन्हा माउंट करा.

‘परमिशन डिनाइड’ दिसलं की हात आपोआप सुडोकडे, म्हणजे सर्वाधिकारी ‘रूट’ युजर म्हणून कमांड चालवण्याकडे, जातो. दोन्हीकडे सुडो हरतो, कारणं मात्र वेगळी. एसएसएचएफएसमध्ये तुमचाच कर्नल अडवतो: माउंट ज्याने केलं त्याच्याशिवाय कोणी आत जायचं नाही, रूटसुद्धा, त्यासाठी ‘अलाउ अदर’ लागतं. एनएफएसमध्ये सर्व्हर अडवतो: ‘रूट स्क्वॉश’मुळे तुमचा रूट तिकडे ‘नोबडी’ (खास हक्क नसलेला युजर) होतो. शिवाय साध्या एनएफएसमध्ये हक्क युजरच्या क्रमांकावरून ठरतात. इथले तुम्ही १००० आणि तिथले १००१ असाल, तर नाव एकच असून उपयोग नाही.

सांबा विंडोजच्या पद्धतीने फोल्डर वाटून देतं, तेव्हा ते घरात विंडोज असेल तरच. नावात विसर्ग नव्हे, कोलन असला तर विंडोज ती फाइल नाकारतं, आणि राउटरला लावलेली डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या व्हिडिओवर गाडी अडतेच.

आता आपल्या लिपीची गंमत. लिनक्समध्ये फाइलच्या नावाला २५५ ‘अक्षरं’ नसतात, बाइट असतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर, डिस्कला १२ बाइट. म्हणजे मर्यादा ८५ चिन्हांची. पलीकडे ईक्रिप्टएफएसने एनक्रिप्ट केलेला फोल्डर असेल तर मर्यादा १४३ बाइटची, जेमतेम ४७ चिन्हं. ‘फाइल नेम टू लाँग’ येतं आणि आपण नेटवर्कला शिव्या घालत बसतो. दुसरा घोळ ‘वऱ्हाड’चा. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता असा साठवते. लिनक्सला ती दोन वेगळी नावं, त्यामुळे लग्नाच्या फोटोंचे एकसारखे दिसणारे दोन ‘वऱ्हाड’ फोल्डर तयार होतात. आरसिंकच्या ‘आयकॉन्व्ह’ पर्यायाने हे जुळवता येतं.

आरसिंक वापरायचंच तर माउंटवर चालवू नका, एसएसएचवरून थेट चालवा. माउंट केलेला मार्ग त्याला लोकलच वाटतो, त्यामुळे बदललेला भागच पाठवायची त्याची हुशारी बंद राहते. शिवाय ते आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलतं, आणि काही एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली देणाऱ्या) सर्व्हरवर एसएसएचएफएस नेमकं तिथेच अडखळतं. थेट चालवलं तर ‘पार्शल’ दिल्यावर अर्धी फाइल टिकते आणि पुढच्या खेपेला कामी येते.

तेव्हा चार फाइली उघडून बघायच्या, दुरुस्त करायच्या असतील तर एसएसएचएफएस. घरच्या वायरवर कायम जोडलेलं स्टोरेज असेल तर एनएफएस, हार्ड. दहा जीबीच्या वर काही हलवायचं असेल तर माउंट विसरा, आरसिंक.

आणि कॉपीआधी ‘माउंटपॉइंट’ ही कमांड चालवून बघा. एकदा माझं माउंट रात्रीच गळून पडलं होतं. सकाळी ‘सीपी’ या कॉपीच्या कमांडने एकही एरर न देता सगळे फोटो त्या रिकाम्या लोकल फोल्डरात ओतले आणि लॅपटॉपची डिस्क गच्च भरली. आता माउंट करण्याआधीच तो रिकामा फोल्डर ‘इम्यूटेबल’ (काहीच बदलता न येणारा) करून ठेवतो, म्हणजे माउंट नसेल तर पहिल्याच फाइलला नकार मिळतो.