निवृत्तीसाठी बेळगाव: आधी जुलै बघा, मग घर

मुंबई-पुण्याचा फ्लॅट भाड्यानं देऊन बेळगावात राहायला येणाऱ्यांचा बेत बहुधा डिसेंबरातल्या एका फेरीत ठरतो. कोवळं ऊन, खडेबाजारात मराठीत होणारी खरेदी, घरभाडं पुण्याच्या मानानं बरंच कमी. सगळं खरं आहे. साडेसातशे मीटर उंचीमुळं एप्रिल-मेमध्ये दुपार तापली तरी संध्याकाळी वारं सुटतं. हवेला पाचपैकी साडेचार गुण, पण आठच महिन्यांसाठी.

जून ते सप्टेंबर हा वेगळा हिशेब. पाऊस मुंबईपेक्षा कमी, पुण्यापेक्षा बराच जास्त, आणि त्याची रीत चिरचिर पडत राहण्याची. आठवडा-आठवडा ऊन नाही. दमा किंवा सांधेदुखी असेल तर हेच चार महिने आधी भाड्यानं राहून काढा, मग ठरवा. घर बघताना पश्चिमेकडची भिंत बाहेरून आणि आतून दोन्हीकडून बघा, कारण पावसाचा मारा त्याच बाजूनं येतो. खाली हातभर प्लास्टर फुगलंय, कपाट मुद्दाम त्याच भिंतीला लावलंय, रंग नुकताच मारलाय, यातलं काहीही दिसलं तर ओल आहे असं धरा. इथं गच्चीवर पत्र्याचं शेड घालतात ते हौसेनं नव्हे. स्लॅब कोरडा राहतो, कपडे वाळतात. शेड नसेल तर तो खर्च घराच्या किमतीत मिळवा.

जमिनीकडंही बघावं लागतं. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवाराकडं भाताची काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया नीट खोल नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात, आणि लांबी (पुट्टी) भरून त्या बंद होत नाहीत. बळ्ळारी नाल्याच्या बाजूचा प्लॉट स्वस्त का आहे, हे जुलैत जाऊन बघितलं की कळतं. हिंडलगा, कॅम्पकडची तांबडी माती घराला बरी.

आता पाणी. शहराला राकसकोप आणि हिडकल इथून पाणी येतं. काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पुरवठा आहे, बाकी ठिकाणी काही दिवसांआड. एजंट ‘पाण्याचं टेन्शन नाही ओ’ म्हणणारच. शेजारच्या घरात विचारा, तेही मे महिन्यातली गोष्ट म्हणून. माणशी रोज 135 लिटर धरलं तर दोघांना 270, पाच दिवसांना 1350. पाहुणे, धुणं, झाडं मिळवून जमिनीखालची टाकी, इथल्या भाषेत संप, किमान 3000 लिटरची हवी. टिळकवाडी-शहापूरच्या जुन्या घरात चालू विहीर असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

विकत घ्यायचं असेल तर खरा फरक कागदात आहे. बोलणं मराठीत, कागद कन्नडमध्ये. ई-खात्याशिवाय, म्हणजे पालिकेच्या मिळकत-नोंदीच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय, शहरी मिळकतीची नोंदणी होत नाही. ‘बी’ खात्याची, म्हणजे नियमात न बसणारी मिळकत दिसायला तशीच असते, पण बँकेचं कर्ज आणि पुढची विक्री दोन्ही अडतात. बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) मंजूर लेआउट आहे का आणि जमीन एन.ए. (बिगरशेती) झाली आहे का, हे बघा. बोजा आहे का ते कळण्यासाठी ईसी (बोजा दाखला) काढा, निदान तीस वर्षांची. बॉण्ड पेपरवर लिहून मिळणारा प्लॉट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. नोंदणी नसलेल्या विक्रीनं मालकी येत नाही. ऑगस्ट 2025 अखेरपासून नोंदणी फी 1 वरून 2 टक्के झाली आहे. मुद्रांक आणि उपकर वेगळे. वकील कन्नड वाचणारा आणि विकणाऱ्याच्या ओळखीबाहेरचा असू दे.

‘एमएच’ची गाडी आणणार असाल तर बारा महिन्यांच्या आत ‘केए 22’ करून घ्यावी लागते. जुन्या आरटीओकडून 28 नंबरच्या फॉर्मवर ना-हरकत, इथं 27 नंबरचा अर्ज आणि आजीवन कर. कर्नाटकाचा हा कर झोंबतो. महाराष्ट्रात भरलेल्याचा परतावा मागता येतो, पण तो आपसूक येत नाही. गाडी जुनी असेल तर तिकडंच विकून या.

उलट बाजूला सवलती आहेत. आधारवर कर्नाटकचा पत्ता आला की बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास राज्यात फुकट. राज्याबाहेर जाताना ती सवलत धरू नका. घरगुती विजेचं बिल 200 युनिटपर्यंत माफ म्हणतात ते अर्धंच खरं. माफी आधीच्या सरासरी वापरावर ठरते, आणि 200 ओलांडले की पूर्ण बिल. गीझर लागणारच, तेव्हा महिन्याचा वापर मोजत राहा. भाडेकरूलाही ही सवलत मिळते, मीटरचा आरआर नंबर आधारला जोडावा लागतो.

दवाखान्याची चिंता फारशी नको. नेहरूनगरात केएलईचं मोठं इस्पितळ, सिव्हिल आहे, माजी सैनिकांना ईसीएचएस ही त्यांची आरोग्य योजना आहे. फक्त आरोग्यविम्याची कॅशलेस यादी इथल्या नावांशी ताडून घ्या. हप्ता शहराच्या झोनवर ठरत असेल तर पत्ता बदलल्यावर तो उतरतो, पण मग पुण्या-मुंबईत उपचार घेतले तर काही पॉलिसींत खिशातून वाटा भरावा लागतो. मुलं तिकडं असतील तर हा ‘स्वस्त’ झोन घेऊ नका.

पुण्याला रस्त्यानं साधारण 340 किलोमीटर. वंदे भारत सोयीची, पण रोज नाही. 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, इथल्या मराठी संघटनांचा काळा दिन) आसपास आणि सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस आधी थांबतात, त्या दिवसांत रेल्वेचं तिकीट हाताशी ठेवा. इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात, तेव्हा लॉज मिळत नाही.

वाचायला 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, खायला कुंदा ही इथली मिठाई आहे, मधुमेह असेल तर तो लांबूनच. अर्ज, नोटिसा, पालिकेच्या पावत्या कन्नडमध्येच येणार. अक्षरओळख महिनाभरात होते. ती करायची तयारी नसेल, तर कोल्हापूर बघा. भाडं थोडं जास्त, कागद मराठीत.