इलेक्ट्रोकन्व्हल्सोमीटर: गावाकडच्या फार्मसी कॉलेजने घ्यावा का?

घ्यावा. हे यंत्र प्राण्याला विजेचा झटका देऊन फिट आणतं. मिरगीवरच्या औषधाची पहिली चाळणी बहुधा याच्यावरच लागते. यवतमाळ-वाशीमकडच्या कॉलेजांना परवडतं ते साधं ट्रान्सफॉर्मरचं मॉडेल. तेही चालतं, पण डायलवरच्या आकड्यावर विसंबून राहू नका.

रॅटला कानाच्या क्लिपांतून १५० मिलिअँपिअर, ०.२ सेकंद. मागचे पाय ताठ होऊन सरळ मागे ताणले गेले की फिट पूर्ण झाली. औषधाने हे ताणणं थांबलं तर औषध लागू पडलं असं धरतात. लाइन डिम असली आणि करंट कमी पोचला, तर औषधाविनाही पाय ताणले जात नाहीत. वहीत मात्र औषध चाललं अशी नोंद होते. निकामी औषध पास होतं, प्राण्याचे हाल फुकट जातात.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर क्लिपांमध्ये ५०० ओहमचा, मग १००० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर लावा आणि ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज बघा. १५० मिलिअँपिअरला ७५ आणि १५० व्होल्ट आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य) दिसायला हवेत. दुसऱ्या वेळी व्होल्टेज दुप्पट झालं नाही, तर करंट स्थिर नाही. साधा मल्टिमीटर इथे कामाचा नाही, ०.२ सेकंदांत तो आकडा पकडत नाही. सोबत सर्वो स्टॅबिलायझर आणि पक्कं अर्थिंग हवंच.

सगळ्यात कच्चा भाग म्हणजे क्लिपा. मिठाच्या पाण्याने गंजतात. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन कोरड्या ठेवा, जास्तीची जोडी आधीच मागवा. ०.९ टक्के सलाइनचा कापूस दर प्राण्याला नव्याने भिजवून पिळून लावा. उन्हाळ्यात तो बघता बघता सुकतो. उलट सलाइन कपाळावर ओघळलं तर करंट ओल्या केसांवरूनच निघून जातो.

आदल्या दिवशी झटका देऊन पाय ताणणारेच रॅट निवडा. दर सत्रात एक गट नुसत्या सलाइनचा आणि एक फेनिटॉइन या मिरगीवरच्या जुन्या औषधाचा ठेवा: २५ मिग्रॅ प्रति किलो पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने, म्हणजे २०० ग्रॅमच्या रॅटला ५ मिग्रॅ. सलाइनच्या गटात पाय ताणले गेले नाहीत, तर त्या दिवसाचे आकडे बाद करा. मे महिन्यात खोली तापली असेल तर चाचणी घेऊच नका. अंग तापलं की फिट लवकर येते. आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी हाती आल्याशिवाय यंत्र प्राण्याला लावायचं नाही.

एवढ्या एका यंत्रावर औषध नापास करू नका. लेव्हेटिरासेटाम या चाचणीत चालत नाही, माणसांत उत्तम चालतं. इथोसक्सिमाइडचा गुण पीटीझेडच्या (पेंटिलिनटेट्राझोल, टोचून फिट आणणारं रसायन) चाचणीत दिसतो, इथे नाही. पीटीझेडला तर यंत्रही लागत नाही. सिरिंज, घड्याळ आणि अर्धा तास न हलणारी नजर पुरते.