एकाच पाट्याचे तीन चाकू: दसरा ते श्रावण

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर कोल्हापूरजवळच्या एका लोहाराकडून हाताने घडवलेले तीन चाकू घेतले. एक रानात न्यायचा, एक स्वयंपाकघरातली मोठी सुरी आणि एक खिशात मावणारा, किरकोळ कामाचा. तिन्हींचं पोलाद एकच, ट्रकच्या कमानपाट्याचं, म्हणजे चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीचं. भट्टी एक आणि हातही एकच. आता श्रावण संपत आलाय आणि तिन्ही वापरात आहेत. चाकूची चौकशी करताना 'स्टील कुठलं?' हा पहिला प्रश्न असतो. मी म्हणेन, आधी जाडी विचारा. पाठ किती जाड आहे आणि धारेच्या लगेच मागे पातं किती पातळ केलंय? एकाच पोलादाच्या या तिघांचा स्वभाव इतका वेगळा निघाला, की त्यांना एका दावणीला बांधताच येत नाही.

रानातल्या चाकूचं पातं साडेचार इंच, पाठ ४ मिलिमीटर. शेतावर चुलीसाठी वाळकं लाकूड फोडायचं असेल तर पातं लाकडावर ठेवायचं आणि पाठीवर दांडक्याने ठोकायचं. मनगटाएवढा ओंडका सरळ दुभंगतो. बाभळीच्या गाठीवरही धार मुडपली नाही की तुटली नाही. जाळ पेटवायला लाकडाच्या कुरळ्या सालपट्या काढायच्या तर हाच चाकू. ठिबकची नळी, नायलॉनची दोरी, ऊस सोलणं, बांबू चिरणं ही कामं तो विनातक्रार करतो. पण पेरू चिरायला घ्या. धार दाढी करण्याइतकी लावलेली असली तरी पेरू चिरत नाही, अर्ध्यात जाऊन फुटतो. कांद्याच्या चकत्या जाड-बारीक होतात. धार आत शिरते, पण मागची जाडी फळाला पाचरीसारखी फाकवते. चाकू वाईट आहे असं नाही, त्याला ते काम सांगायचं नाही.

मोठी सुरी सात इंचांची. पाठ मुठीपाशी २ मिलिमीटर, टोकाकडे त्याच्या निम्मी, आणि धारेच्या मागे पोस्टकार्डाइतकी पातळ. धारेचा कोन दोन्ही बाजूंनी साधारण १५ अंश, रानातल्या चाकूचा २० ते २५. ही सुरी आईसाठी केली. उभा जन्म विळीवर गेला, आता गुडघे खाली बसू देत नाहीत. उभ्याने ओट्यावर चिरायचं तर बाजारातल्या सुऱ्यांना तिच्या हाताला हवी तशी धार राहत नव्हती. पहिल्या आठवड्यात तिने सुरीला हात लावला नाही. मग मटणाच्या रविवारी कांद्याचा ढीग पडला आणि तिने ती घेतली. डोळ्यांतून पाणी कमी आलं. हे खरंच धारेमुळे होतं. पातळ धार कांद्याच्या पेशी कमी चेचते, म्हणून डोळ्यांना झोंबणारा वायू कमी सुटतो. त्या दिवसापासून सुरी तिची झाली. ओला नारळ खवायला मात्र विळीच लागते, आणि ती तिच्या जागेवर आहे.

तिसरा चाकू तीन इंचांचा, अडीच मिलिमीटरचा. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पोती, खोकी, पेन्सिल, लिंबू. सगळ्यात जास्त हातात असतो तो हाच.

आता पोलादाचं. पाट्याच्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, आणि त्यात सिलिकॉन, मँगनीज किंवा थोडं क्रोमियम. लवचिक राहून धार धरणारं हे पोलाद आहे. आपल्याकडचे कोयते पिढ्यान्‌पिढ्या त्याचेच होत आलेत. हा लोहार मात्र भंगारातला पाटा चाकूला वापरत नाही. खड्ड्याखड्ड्यांतून लाखो वेळा वाकलेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असू शकतात आणि त्या नेमक्या पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना, उघडतात. तो नव्या पाट्याचे उरलेले तुकडे आणतो.

पाणी देण्याचं काम मी त्याच्या भट्टीपाशी उभं राहून पाहिलं. पातं लाल होत गेलं, मधूनमधून तो ते लोहचुंबकाला लावून बघत होता. "चुंबकानं धरायचं सोडलं की अजून जराच वर न्यायचं. जास्त नेलं की लोखंड आतनं दाणेदार हुतंय, मग काचंगत तुटतंय," तो म्हणाला. चुंबक सुटण्याची ही पातळी साधारण ७७० अंश सेल्सिअसची. मग पातं कोमट तेलात. याला पाणी देणं म्हणतात खरं, पण या पोलादाला साध्या पाण्यात बुडवलं तर ते तडकण्याची भीती फार. तेल उष्णता सावकाश ओढतं. तेलातून निघालेलं पातं अतिशय कडक आणि ठिसूळ असतं, म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास, दोनदा शेकायचं. घासलेल्या भागावर गवती पिवळा रंग चढला की झालं. कोल्हापुरात ओतकाम आणि यंत्रकामाचे कारखाने भरपूर, त्यामुळे कडकपणा मोजणं अवघड नाही. शिरोलीच्या एका वर्कशॉपमध्ये ओळखीने मोठी सुरी तपासली, कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५७ भरली. स्वयंपाकघरासाठी हा आकडा मला आवडला. धार टिकते, आणि बोथटली तर घरच्या दगडावर परत येते.

धारेची देखभाल सोपी आहे, पण ती तुमची तुम्हालाच करावी लागते. मोठ्या सुरीला मी १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा, दगड पाण्यात भिजवून वापरतो, आणि अधूनमधून चामड्याच्या पट्ट्यावर चार-सहा हात फिरवतो. पट्ट्यामुळे दगडाची पाळी लांबते. विजेच्या कोरड्या चाकावर धार लावून देणाऱ्यांकडे असा चाकू चुकूनही देऊ नका. ठिणग्या उडतात तिथे धारेची पातळ कड २०० अंशांच्या खूप वर जाते. कडेला निळसर झाक आली म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. मग ती धार टिकत नाही, आणि निळा भाग घासून काढण्याखेरीज उपाय उरत नाही.

गंज. हे आधी माहीत नसेल तर असा चाकू घेऊन पस्तावाल. स्टेनलेस म्हणवायला पोलादात किमान साडेदहा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम लागतं, इथे ते नावापुरतं. नव्या सुरीने कैरी चिरली तर फोडी काळ्या पडतात आणि लोखंडाचा वास येतो. कांदा, टोमॅटो, लिंबू चिरत गेलं की पात्यावर करडा-निळा थर बसतो आणि मग हा त्रास थांबतो. तो थर घासून काढू नये, लाल गंजापासून तोच थोडं संरक्षण देतो. आमच्या पावसाळ्यात तेवढ्याने भागत नाही. आषाढात गगनबावड्याकडून जाऊन आलं, की रानातला चाकू त्याच रात्री पुसून तेलाचा हात द्यायचाच. मी खोबरेल वापरतो. शेंगदाण्याचं तेल काही दिवसांनी चिकट होतं.

पावसाळ्यात चाकू म्यानातही ठेवायचा नाही, चामडं ओल धरून ठेवतं. म्यान मात्र सुरेख झालंय. ते चपला करणाऱ्या एका कारागिराकडून शिवून घेतलेलं आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं जाड चामडं, म्हणजे कोल्हापुरी चपलेचंच. शिवणीच्या आत चामड्याची एक अरुंद पट्टी घातलीय, त्यामुळे पातं आत-बाहेर होताना दोऱ्याला लागत नाही. बाजारातल्या कितीतरी महागड्या म्यानांत ही पट्टी नसते आणि वर्षभरात शिवण कापली जाते.

मूठ ही माझी एकमेव तक्रार. रानातल्या चाकूची मूठ बाभळीची, सुरीची शिसवीची. दोन्हींत पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, पितळी पिनांनी पक्कं. एप्रिलच्या उन्हात शिसव आकसलं आणि पोलादाची कड नि पिना बोटाला लागू लागल्या. आईच्या तळव्याला घट्टा पडायला लागला. लोहाराने पुन्हा घासून सारखं करून दिलं, पैसे घेतले नाहीत. लाकूड आणखी वाळवून वापरलं असतं तर ही वेळ आली नसती, हे त्यालाही सांगितलं. आता मुठींना जवसाचं तेल देतो. ते लाकडात सुकतं आणि ओल आत-बाहेर होणं कमी करतं. पावसाळ्यात मूठ जागची हलली नाही.

कायद्याचंही पाहून ठेवा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू घरकामाचा किंवा शेतीचा नसेल, तर त्याला शस्त्र परवाना लागू शकतो. हा लोहार रानातल्या चाकूचं पातं मुळात त्याच्या खूप आत ठेवतो, कुणी कितीही आग्रह केला तरी. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, म्हणून राधानगरी-दाजीपूरला जाताना मी रानातला चाकू घरीच ठेवतो. डब्यातली फळं कापायला तिथे दुसरं काहीही चालतं.

तिन्ही मिळून, म्यानासकट, साडेपाच हजार पडले. मॉलमधल्या चकचकीत संचाशी तुलना केली तर जास्त वाटतील. मला मोठ्या सुरीचेच तेवढे वसूल झाल्यासारखे वाटतात. कुणाला एकच घ्यायचा असेल तर तीच घ्या. फोटोत रानातला चाकू भाव खातो, पण शेत नसेल किंवा वारंवार बाहेर मुक्काम नसेल तर तो कपाटात पडून राहील. घरातले भांडी घासून ओली तशीच जाळीत ठेवत असतील, तर मात्र स्टेनलेसच बरं.

चाकू करायला सांगायचा असेल तर उन्हाळ्यात सांगा. साखर कारखान्यांचा हंगाम जवळ आला की लोहाराकडे कोयत्यांची रीघ लागते आणि तो चाकू बाजूला ठेवतो. ऊसतोड कुणासाठी थांबत नाही, तेव्हा ते बरोबरच आहे. बहिणीसाठी एक सुरी मी सांगून ठेवली आहे. तीच लांबी, पाठ दीड मिलिमीटर, आणि मुठीचं लाकूड दोन उन्हाळे वाळलेलं.