नवा मेटल हॅलाइड बल्ब, जुनी कोरल आणि खिडकीची जाळी : सात महिन्यांनंतर

कोथरूडच्या आमच्या घरात तीन फुटी समुद्री टँक आहे, साधारण 180 लिटरचा. त्यात झोअँथिड, मशरूम, एक मोठं लेदर आणि मागच्या काचेवर पसरलेले ग्रीन स्टार पॉलिप आहेत, म्हणजे सगळी सॉफ्ट कोरल, मऊ अंगाची प्रवाळं. दगडी कोरल मी ठेवत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि ती समुद्रातच असावीत असं मला मनापासून वाटतं. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, टँकवरचा मेटल हॅलाइड, म्हणजे खूप तेज प्रकाश देणारा बल्ब बदलला: 150 वॅटचा, 14000 केल्व्हिनचा (निळसर पांढऱ्या उजेडाचा), डबल एंडेड (दोन्ही टोकांना जोडणी असलेला). आता जून आहे, आणि एकही कोरल गेलेलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आदल्या खेपेला गेली होती.

तेव्हा जुना बल्ब सोळा महिने चालला होता. दुकानातले काका म्हणाले, "वॅट तेवढेच आहेत, बिनधास्त लावा." रविवारी सकाळी लावला आणि नेहमीसारखा आठ तास चालू ठेवला. पहिले दोन दिवस टँक इतका सुरेख दिसला की मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. चौथ्या दिवशी लाल मशरूम फिके पडायला लागले. दहाव्या दिवशी ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके, आरपार दिसणारे झाले होते. झोअँथिडच्या दोन वसाहती मिटल्या त्या पुन्हा उघडल्याच नाहीत.

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो ते. किती प्रकाश देतो ते नव्हे. मेटल हॅलाइड बल्बचा प्रकाश महिन्यागणिक उतरत जातो आणि रंग पिवळ्याकडे झुकतो. हे इतकं हळू होतं की रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कोरलच्या मात्र येतं. कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल असतं आणि तेच प्रकाशावर त्याचं बरंचसं अन्न तयार करतं. प्रकाश कमी झाला की कोरल हे शैवाल वाढवतं, म्हणून रंग तपकिरी होत जातो. अशा वेळी एकदम तेज प्रकाश पडला तर शैवालाचं यंत्र झेपेनासं होतं, पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे घटक तयार होतात आणि कोरल ते शैवालच बाहेर टाकतं. पांढरं पडणं म्हणतात ते हेच. ते दिसायला काही दिवस लागतात, म्हणून "दोन दिवस बघितलं, काही झालं नाही" याला अर्थ नाही.

या वेळी आधी मोबाइलवरच्या लक्स मीटरने मोजलं. पाण्याच्या पातळीवर जुना बल्ब 14 हजारांच्या आसपास, नवा 20 हजार. फोनच्या आकड्यावर स्वतंत्रपणे विसंबू नये, पण त्याच जागी, त्याच फोनने केलेली तुलना कामाची असते. लक्स आपल्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतं आणि आपल्या डोळ्याला पिवळा जास्त उजळ वाटतो. त्यामुळे जुन्या पिवळ्या बल्बला इथे फुकटचे मार्क मिळतात. खरा फरक आकड्यापेक्षा मोठा धरावा.

मग बोहरी आळीतून खिडक्यांना लावतात ती काळी फायबरग्लासची जाळी आणली. एका थराने माझ्या मीटरवर साधारण पाव हिस्सा प्रकाश कमी झाला. दोन थर लावून सुरुवात केली आणि वेळ आठ तासांवरून सहावर आणला. जाळी दिव्याच्या काचेला बांधू नका, तापून वास मारते. फॉल्स सीलिंगच्या दिव्याखाली बसवतात ती चौकोनी घरांची प्लास्टिकची जाळी टँकवर आडवी ठेवली आणि त्यावर हे थर पसरले. दर तीन-चार दिवसांनी धुवावे लागतात, कारण मिठाचे कण साचून भोकं बुजतात आणि आपण ठरवलेलं प्रमाणच बदलतं.

वरच्या दगडावरचे झोअँथिड तळाला हलवले. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं आणि ते फार घातक आहे. पाणी गाळायला ठेवतो तो कार्बन (कोळसा) मात्र महिनाभर बदलला नाही. नवा कार्बन पाण्याचा पिवळेपणा काढतो, पाणी नितळ होतं आणि प्रकाश आणखी आत पोचतो. एका वेळी एकच बदल.

दहाव्या दिवशी पहिला थर काढला. बाराव्या दिवशी दुपारी ऑफिसात सासूबाईंचा फोन आला. "अगं, तुझे ते कान आज आकसलेत बघ. कडा आत वळल्यात." मशरूमना त्या कान म्हणतात. दिवसभर टँकसमोर बसणारं माणूस घरात असणं हे कुठल्याही मीटरपेक्षा मोलाचं आहे. मीच त्यांना सांगितलं, "आई, ती बाल्कनीतली जाळी आहे ना, ती परत वर पसरा." संध्याकाळपर्यंत कडा सैल झाल्या. आणखी आठवडाभर थांबून तो थर पुन्हा काढला, तेव्हा काही झालं नाही.

याच काळात लेदर पाच दिवस मिटून, मेणचट चकाकी धरून बसलं होतं. ते बघून घाबरू नका, ते कात टाकतं. अंगावरचा पातळ पापुद्रा सुटला, पंप त्याच्या दिशेने वळवला आणि सहाव्या दिवशी पॉलिप, म्हणजे त्याचे फुलासारखे बारीक कोंब, बाहेर आले, पूर्वीपेक्षा लांब.

शेवटचा थर सगळ्यात नाजूक. पाऊण प्रकाशाचा पूर्ण होतो, म्हणजे एका फटक्यात एक तृतीयांश वाढ. म्हणून तो एकदम काढला नाही. आधी फक्त संध्याकाळचा शेवटचा तास जाळी बाजूला केली, तीन दिवसांनी दोन तास, असं करत अठरा दिवसांत ती पूर्ण निघाली. त्यानंतर टायमरवर आठवड्याला अर्धा तास वाढवत जानेवारीच्या शेवटी पुन्हा आठ तास झाले.

नोव्हेंबर निवडल्याचाही फायदा झाला. गरम पाणी आणि तेज प्रकाश एकत्र आले की कोरल लवकर पांढरं पडतं. पुण्याच्या थंडीत हीटरवर पाणी 25-26 अंशांवर स्थिर राहिलं. एप्रिलमध्ये दुपारी 28.5 पर्यंत गेलं, तोवर कोरल नव्या प्रकाशाला सरावली होती. पंखा लावल्यावर दीडेक अंश उतरतं, कारण आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे आणि बाष्पीभवन जोरात होतं. रोज आरओचं पाणी भरायची तयारी मात्र हवी.

बल्बबद्दल म्हणाल तर रंग अजून छान आहे आणि पाण्यातली ती हलती चमक मला एलईडीत कुठे दिसली नाही. रोज साधारण सव्वा युनिट वीज जाते. वीज गेली आणि लगेच आली तरी बल्ब थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आमच्याकडे दहा-बारा मिनिटं लागतात. बसवताना काचेला बोट लावू नका, त्वचेचं तेल तापून तिथे काच कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. समोरची संरक्षक काच कधीही काढू नका, अतिनील किरण तीच अडवते.

हुडच्या आत चिकटपट्टीवर बसवल्याची तारीख लिहिली आहे. पुढचा बल्ब या नोव्हेंबरात, बाराव्या महिन्यात, म्हणजे फरक इतका मोठा होण्याआधीच. जाळी धुऊन, घडी करून टँकखालच्या कपाटात ठेवली आहे. गेल्या महिन्यात मशरूमच्या दगडाशेजारी वाळूत एक नवं, करंगळीच्या नखाएवढं लाल पिल्लू दिसलं. ते आधी सासूबाईंनीच पाहिलं.