विंडोज ११ वर आठ महिने : फोंड्यातल्या डीटीपीच्या टेबलावरून

गणेश चवथीची गडबड ओसरल्यावर, सप्टेंबर २०२५ मध्ये, मी दुकानातला मुख्य कॉम्प्युटर विंडोज १० वरून ११ वर नेला. गोव्यातल्या फोंड्यात माझे छोटे डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईची पाने करण्याचे, दुकान आहे. जत्रेच्या आणि लग्नाच्या पत्रिका, देवळात होणाऱ्या नाटकांच्या संहिता, अधूनमधून कोकणीतले अर्ज, असे काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता आणि माझ्याकडे दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यामुळे सुरक्षेचे अपडेट नसलेले मशीन चालवणे मला परवडणारे नव्हते. आठ महिन्यांनंतर सांगते, सिस्टम चांगली आहे आणि मी परत जाणार नाही. त्रास मात्र झाला, आणि मी जिथे पहारा ठेवला होता तिथे तो आलाच नाही.

भीती होती ती इन्स्टॉलेशनची. मशीन इंटेलच्या आठव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे, ८ जीबी रॅमचे. मशीन ११ साठी चालेल का ते तपासणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकने आधी नकार दिला, कारण टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) सापडत नव्हते. ते बोर्डावर होते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद होते. इंटेलच्या मशीनवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधावे. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाने ते चालू करून दिले. बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट जरूर बघा : डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवलेली हवी, नाहीतर पुढच्या वेळी मशीन तीच मागत बसते. यूपीएसची बॅटरी नवी घातली होती. दुपारी दोनदा वीज गेली तरी काम अडले नाही.

दुसरे मशीन सहाव्या पिढीचे, ते ११ साठी बसत नाही. त्याला वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत घातले, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. हे जुने मशीन पुढे माझ्या फार उपयोगी पडले.

पहिला आठवडा मशीन जड वाटले. सर्चचे इंडेक्सिंग मागे चालू होते, ते आपसूक थांबले. मराठी फोनेटिक कीबोर्ड होता तसाच राहिला. घरी मुलीच्या कोऱ्या लॅपटॉपवर मात्र कोकिळा फॉन्टमधली फाइल भलत्याच अक्षरात उघडली. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट नव्या इन्स्टॉलेशनमध्ये आपोआप येतीलच असे नाही. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स उतरवून घ्यावे लागतात. पाच मिनिटांचे काम आहे, पण ठाऊक नसेल तर माणूस फाइललाच दोष देत बसतो.

कॉपियरने जास्त दमवले. स्कॅन केलेले पान तो थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकायचा, ते बंद पडले. मी केबल बदलली, राउटर बंद-चालू केला, पासवर्ड पुन्हा घातला. फोनवर कोणीतरी सांगितले म्हणून सिस्टम फाइली तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञाही चालवली. तिने सगळे ठीक असल्याचे सांगितले आणि ते खरेच होते. माझ्याकडे विंडोज ११ प्रो ची २४एच२ ही आवृत्ती आहे. त्या आवृत्तीत फोल्डर शेअर करण्याचे नियम मुद्दाम घट्ट केले आहेत : बिनपासवर्डचा पाहुणा चालत नाही आणि दोन्हीकडून डिजिटल सही झालेले कनेक्शनच लागते. माझा कॉपियर नेटवर्कवरून फोल्डर शेअर करण्याच्या एसएमबी या पद्धतीची पहिलीच आवृत्ती बोलतो. ती विंडोजमध्ये पुन्हा चालू करता येते, पण जुनी आणि धोक्याची म्हणूनच ती बंद आहे. मी चालू केली नाही. आता स्कॅन पेनड्राइव्हवर घेते. वेळ जास्त जातो, पण मला हेच बरोबर वाटते.

आणि मग नोव्हेंबर.

गावच्या देवस्थानची मार्गशीर्षातल्या जत्रेची पत्रिका मी दरवर्षी मागच्याच फाइलवरून करते. ती फाइल जुन्या मराठी डीटीपी प्रोग्रॅममधली, आणि तो प्रोग्रॅम यूएसबी डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. डोंगल वर्षभर ड्रॉवरमध्ये असतो. लावला, तर ओळखच नाही. तेव्हा आठवले की अपग्रेडच्या वेळी इन्स्टॉलरने एक जुना ड्रायव्हर (जोडलेली वस्तू विंडोजला ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) काढायला सांगितला होता. तो कशाचा हे मला आणि त्या दुरुस्तीच्या मुलाला, आम्हा दोघांनाही कळले नव्हते, आणि आम्ही तो काढला होता. पुन्हा घातला तर 'हा ड्रायव्हर या मशीनवर चालू शकत नाही' असा निरोप. विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी ही धोक्याचे ड्रायव्हर अडवणारी राखण चालू होती, आणि तिला तो ड्रायव्हर मान्य नव्हता.

मागे जायचा रस्ताही उरला नव्हता. अपग्रेडनंतर जुन्या विंडोजवर परतण्याची सोय सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे फक्त दहा दिवस असते. नंतर जुन्या सिस्टमचा फोल्डर पुसला जातो. मी त्या दहा दिवसांत सगळे तपासले होते, पण सप्टेंबरात जे काम असते तेवढेच. वर्षातून एकदा लागणारी वस्तू त्यात आलीच नाही. तुमच्याही दुकानात, शाळेत, देवस्थानच्या कचेरीत अशी हंगामी कामे असतील. अपग्रेड झाल्या दिवशीच त्या सगळ्या फाइली उघडून, एकेक पान छापून बघा.

समितीचे काका दोनदा येऊन गेले. "बाय, पत्रिका केन्ना मेळटली?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लागले. मेमरी इंटिग्रिटी बंद करून पाहिली तर डोंगल लागला, फाइलही उघडली. पण ज्या मशीनला शंभर पेनड्राइव्ह लागतात त्याची ही राखण काढून ठेवणे मनाला पटेना. ड्रायव्हर काढला, राखण पुन्हा चालू केली आणि डोंगल विंडोज १० च्या मशीनवर नेला. त्या मशीनची नेटची केबल आता मी काढून ठेवली आहे, महिन्यातून एकदा अपडेटपुरती लावते. पत्रिका दोन दिवस उशिरा गेली.

तेव्हापासून जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणते आहे. कन्व्हर्टर बहुतेक काम करतो, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. त्यात रफार आला की गाडी घसरते. 'कार्तिक' हा शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रिकेत, आणि प्रत्येक ठिकाणी वेलांटी किंवा रफार भलतीकडे गेलेला. 'येणाऱ्या भाविकांनी' चे 'येणार्या' होते. 'कुंकळ्ळी' मधला एक ळ गळून पडतो. दुसऱ्या कोणाला ही चूक बारीक वाटेल, पण गावाचे नाव चुकलेली पत्रिका गावात वाटता येत नाही. म्हणून प्रत्येक फाइल छापून, जुन्या प्रतीशेजारी ठेवून, पट्टी लावून ओळ न् ओळ वाचते.

रोजच्या वापराबद्दल तक्रार नाही. झोपेतून मशीन लवकर उठते, मराठी आणि कोकणी कीबोर्ड एका कळीवर बदलतात, प्रिंटर पहिल्या दिवसापासून नीट आहे. टास्कबारवरचे बटण मधोमध असते, ते मी सेटिंग्जमधून डावीकडे आणले.

एकशे चाळीस फाइलींपैकी त्र्याण्णव झाल्या. नाटकांच्या संहिता उरल्या आहेत, त्या लांब आहेत. पावसात दुकानात गिऱ्हाईक कमी असते तेव्हा त्या करीन. जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी (आतले घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) परवा बदलून घेतली. डोंगल आता ड्रॉवरमध्ये ठेवत नाही, तो त्याच मशीनला लावलेला असतो.