नैसर्गिक शेतीची ज्वारी: सोलापुरातील एका दुकानाविषयी
सोलापुरात नैसर्गिक शेतीचा माल विकणाऱ्या एका छोट्या दुकानातून मी मालदांडी ज्वारी घेतो. रासायनिक खतांवाचून, मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर पिकलेली, जिचा कडबा जनावरांना आणि जनावरांचे शेण पुन्हा शेताला जाते, अशी ही ज्वारी आहे. दाणा टपोरा आणि मोत्यासारखा. पिठाला चिकटपणा असल्याने भाकरी थापताना कडा चिरत नाहीत आणि ती तव्यावर टम्म फुगते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच होते. पाकिटावर मात्र शेतकऱ्याचे गाव आणि काढणीचा हंगाम छापलेला नसतो. विषमुक्त म्हणून जादा दर घेताना ही माहिती द्यायलाच हवी. ज्वारीच्या कडेने पेरलेल्या करडईचे घाण्याचे तेल उत्तम आहे, डाळी साधारण.