मुलांचं ग्रीफ काउन्सेलिंग, ४ स्टार
भाऊ गेल्यावर वहिनी आणि पोरांना पुण्यातल्या एका काउन्सेलरकडे नेलं. बाई नुसतं धीर धरा म्हणत नाहीत, आधी वहिनीची झोप, जेवण, घरखर्च सगळं विचारलं, आम्ही म्हटलं अहो त्रास पोरांना होतोय! तर म्हणाल्या बोस्टनमध्ये हार्वर्डच्या अभ्यासात आई किंवा वडील गेलेली 70 घरांतली 125 मुलं 2 वर्षं बघितली, मागे राहिलेला पालक कसा सावरतो त्यावर मुलांचं बरंच ठरतं, आणि काहींचा त्रास उशिरा वर येतो म्हणून वर्ष झालं तरी फॉलोअप सोडू नका. हे पटलं. फी मात्र जास्तच आहे राव, आणि वेटिंगमध्ये पोरं जाम कंटाळतात, साधा कॅरम पण नाही तिथे.